राणी रंगाचा चौकोन, हिरवा पट्टा

तक्रार एका ओळीची होती. गडद राखाडी पडद्यावर मधोमध पांढरा चौकोन दाखवला, की चौकोनाच्या बरोबर वर आणि बरोबर खाली, पडद्याच्या दोन्ही टोकांपर्यंत, किंचित उजळ पट्टा उमटतो. सोबत फोनने काढलेला फोटो होता आणि त्यात काहीही दिसत नव्हतं. पॅनेल आमच्या टेबलावर आलं, खोलीतले दिवे घालवले, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले. मग तो पट्टा असा दिसू लागला की नंतर तो न बघणं कुणालाच जमेना.

मी बंगळुरात पिक्सेलचा लेआउट काढायचं काम करतो. पॅनेल जिथे बनतं ती फॅब पूर्व आशियात आहे. तिचं नाव आणि तिथे मोजलेले आकडे करारामुळे जसेच्या तसे सांगता येत नाहीत. म्हणून खाली येणारे आकडे ४०० पीपीआयच्या (इंचाला ४०० पिक्सेल), २४०० ओळींच्या फोन-पॅनेलला साजेसे आणि हातावर हिशेब करता येईल असे गोल केलेले आहेत. गणित खरं आहे, कागद-पेन्सिल घेऊन ताडून बघायला हरकत नाही.

दार लावलेला पिक्सेल

ओएलईडीचा ठिपका प्रवाहावर पेटतो. जितका प्रवाह तितका उजेड, आणि तो प्रवाह पूर्ण फ्रेमभर चालू ठेवावा लागतो. हे काम एक चालक ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या गेटवर, म्हणजे नियंत्रणाच्या टोकावर, किती व्होल्टेज आहे त्यावर प्रवाह ठरतो. ते व्होल्टेज धरून ठेवायला एक साठवण कपॅसिटर, आणि बाकी सहा ट्रान्झिस्टर या दोघांच्या सेवेला. कुणी जुनं व्होल्टेज पुसायला, कुणी नवं आत घ्यायला, कुणी चालकाच्या थ्रेशोल्डमधला (तो ज्या व्होल्टेजला उघडू लागतो त्यातला) फरक भरून काढायला, कुणी दिवा लावायला-मालवायला. सात ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर. या धंद्यात त्याला सेव्हन-टी-वन-सी म्हणतात आणि फोनच्या पडद्यांत ही रचना वर्षानुवर्षं चालत आली आहे.

चालकाच्या गेटचा जो नोड आहे त्याला आम्ही एन-वन म्हणतो. सगळं प्रकरण या एन-वनभोवती फिरतं.

एका ओळीच्या वाट्याला वेळ किती येतो ते आधी पाहू. सेकंदाला ६० फ्रेम, फ्रेमला २४०० ओळी, म्हणजे ओळीला ६.९ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात ओळीची आडवी तार, म्हणजे स्कॅन लाइन, दार उघडते, स्तंभाच्या उभ्या तारेवरचं, म्हणजे डेटा लाइनवरचं, व्होल्टेज एन-वनपर्यंत पोहोचतं, दार बंद होतं. पुढचे १६.७ मिलिसेकंद एन-वन कुणालाही जोडलेला नसतो. ६० फेम्टोफॅरडच्या, म्हणजे अगदीच इवल्या, कपॅसिटरवर तो तरंगत बसलेला असतो. आणि त्याच वेळी त्याच्या कुशीतून जाणाऱ्या डेटा लाइनवर बाकीच्या २३९९ ओळींची व्होल्टेजं एकामागून एक जात असतात. आत दार लावून गणित सोडवायला बसावं आणि बाहेर गल्लीतून बँडसकट वरात जावी, तसलं काहीतरी.

भिंत कितीही जाड असली तरी थोडा आवाज आत येतोच. इथे भिंत म्हणजे डेटा लाइन आणि एन-वन यांच्यामधला इन्सुलेटर, आणि आत येणारा आवाज म्हणजे त्या दोघांत नकळत तयार झालेला कपॅसिटर. कुणी तो काढलेला नसतो, धातूच्या दोन पट्ट्या शेजारी आल्या की तो होतो. त्याची किंमत पाव फेम्टोफॅरड धरू. साठवण कपॅसिटरच्या जवळजवळ अडीचशेवा हिस्सा. यात घाबरण्यासारखं काय आहे?

गडद राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत जाताना डेटा लाइन २.५ व्होल्ट खाली येते असं धरा. इथले ट्रान्झिस्टर पी-चॅनल आहेत, त्यामुळे व्होल्टेज कमी म्हणजे उजेड जास्त. एन-वन किती हलेल? ०.२५ भागिले ६०.२५, गुणिले २.५ व्होल्ट. उत्तर १०.४ मिलिव्होल्ट.

आता हेच दहा मिलिव्होल्ट उजळ पिक्सेलवर आणि गडद पिक्सेलवर वेगळे वागतात, आणि पहिल्या दिवशी आमचा गोंधळ झाला तो इथेच. उजळ पिक्सेलमध्ये चालकाला थ्रेशोल्डच्या वर दीड व्होल्टचा जोर असतो. प्रवाह त्या जोराच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दहा मिलिव्होल्टने प्रवाह वाढतो १.४ टक्के. गडद राखाडीत मात्र चालक थ्रेशोल्डच्या खाली, जेमतेम उघडलेला असतो आणि तिथे प्रवाह घातांकी चालतो. दर ०.३ व्होल्टला दसपट, या चढाने तेच दहा मिलिव्होल्ट प्रवाह ८.३ टक्क्यांनी वाढवतात. चौकोन पडद्याच्या निम्म्या उंचीचा असेल तर डेटा लाइन निम्मा वेळच पांढऱ्यावर असते, म्हणून सरासरी ४ टक्के. एकमेकांना लागून असलेल्या दोन राखाडी छटांत कड धारदार असेल तर डोळ्याला साधारण टक्काभर फरक पुरतो. चार टक्के म्हणजे ओरडून सांगणं.

फोटोत पट्टा का दिसला नाही त्याचंही उत्तर यातच आहे. फोटो काढणाऱ्याने पॅनेलची ब्राइटनेस वाढवून, स्पष्ट दिसावं म्हणून राखाडीही उजळ घेतली होती.

सिम्युलेशन म्हणतं, असं होऊच शकत नाही

वरचा हिशेब मी पाव फेम्टोफॅरड धरून केला. पण त्या वेळी आमच्या हातात पाव फेम्टोफॅरड नव्हताच. लेआउटमधून असे नकळत तयार झालेले (पॅरासिटिक) कपॅसिटर मोजून काढणारं एक्स्ट्रॅक्शन सांगत होतं की एन-वन आणि डेटा लाइनमध्ये फक्त ०.०३ फेम्टोफॅरड आहे. त्यावरून पट्टा यायला हवा होता अर्धा टक्का, म्हणजे दिसायलाच नको होता. प्रत्यक्षात तो आठ-नऊ पट होता.

अशा वेळी माणसं आपला लेआउट सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेतात, आम्हीही घेतला. पहिला संशय वीजपुरवठ्यावर. पांढरा चौकोन भरपूर प्रवाह ओढतो, व्हीडीडीच्या, म्हणजे पिक्सेलना वीज पुरवणाऱ्या, जाळीत व्होल्टेज पडतं, त्यामुळे आजूबाजूला फरक दिसतो, हे खरंच होतं. पण व्हीडीडी पडलं तर शेजारचे पिक्सेल काळवंडतात, आमचा पट्टा उजळ होता. शिवाय जाळीतून पसरणाऱ्या गोष्टीच्या कडा पुसट असतात. या पट्ट्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, चौकोनाच्या रुंदीशी स्तंभागणिक जुळणाऱ्या. दुसरा संशय डेटा लाइनना व्होल्टेज देणाऱ्या ड्रायव्हर चिपवर. तिच्या गॅमा ॲम्प्लिफायरवर, आउटपुट बफरवर. त्यात दोन आठवडे गेले आणि ई-मेलमधली भाषा हळूहळू अति सभ्य होत गेली. दोन कंपन्यांचं बिनसायला लागलं की आधी हेच होतं.

एक चाचणी मात्र बरी निघाली. चौकोनाची रुंदी तीच ठेवून उंची निम्मी केली. पट्टाही निम्मा फिका झाला. चौकोनाची जागा वर-खाली सरकवली तर पट्ट्यात काहीच बदल नाही. म्हणजे जे काही होतंय ते डेटा लाइन किती वेळ पांढऱ्यावर आहे यावर चाललंय, ती कधी पांढऱ्यावर आहे यावर नाही. हे दार लावून बसलेल्या नोडचंच लक्षण. संशय फिरून एन-वनवर आला, आणि एक्स्ट्रॅक्शन पुन्हा म्हणालं, माझ्याकडे ०.०३ आहे.

टीममधली सगळ्यांत नवी इंजिनिअर लातूरकडची. एका संध्याकाळी ती टेस्ट पॅटर्नचे रंग बदलत बसली होती. काही शोधत होती असंही नाही, पांढऱ्याचा कंटाळा आला होता. तिने चौकोन राणी रंगाचा केला. लाल आणि निळा पूर्ण, हिरवा बंद. मग हाक मारली, "सर, जरा येता का? पट्टा हिरवा दिसतोय."

हिरवा नव्हे, हिरवट. पण शंकेला जागा नव्हती. तिने चौकोन हिरवा केला, पट्टा राणी रंगाकडे झुकला. पुन्हा राणी, पुन्हा हिरवट.

इथे पडद्याची रचना सांगायला हवी. फोनच्या ओएलईडीत रंगांचे ठिपके बहुधा असे मांडतात की एका स्तंभात लाल-निळे आलटून पालटून, शेजारच्या स्तंभात फक्त हिरवे, मग पुन्हा लाल-निळे. राणी रंगाच्या चौकोनात लाल-निळ्याची डेटा लाइन पांढऱ्याच्या पातळीवर खाली जाते आणि हिरव्याची डेटा लाइन काळ्याच्या पातळीवर वर जाते. प्रत्येक पिक्सेलला त्याच्या स्वतःच्या डेटा लाइनचा त्रास होत असता तर लाल-निळे उजळले असते, हिरवा मंदावला असता, पट्टा राणी रंगाचाच आला असता. आला उलटा. म्हणजे हिरव्याला हलवणारी लाइन लाल-निळ्याची, आणि लाल-निळ्याला हलवणारी हिरव्याची. पांढऱ्या चौकोनात सगळ्याच लाइन एकाच दिशेला जातात, सगळेच रंग सारखे उजळतात, म्हणून हा उलटापालट तीन आठवडे पांढऱ्याआड लपून राहिला.

"सर, त्रास घरातला नाही, शेजारचा आहे," ती म्हणाली.

चौकटीच्या बाहेर

लेआउट उघडला. एका पिक्सेल-सर्किटची जागा ३१.७५ बाय ६३.५ मायक्रॉन. डाव्या कडेने वरून खाली डेटा लाइन. तिच्या शेजारी व्हीडीडीची उभी लाइन. मध्यभागी साठवण कपॅसिटरचा साधारण ११ बाय ११ मायक्रॉनचा चौकोन. इथे धातूचे थर खालून वर असे: गेट-वन, गेट-टू, सोर्स-ड्रेन. खालची पाटी गेट-वन धातूची, तीच चालकाचं गेट. वरची पाटी गेट-टू धातूची, व्हीडीडीला जोडलेली. वरच्या पाटीला मधे एक भोक, आणि त्या भोकातून खालच्या पाटीला धरून वर येणारा सोर्स-ड्रेन धातूचा एक छोटा पूल. हा पूल स्कॅन लाइनवरून पलीकडे जाऊन टी-थ्री या भरपाईच्या ट्रान्झिस्टरला मिळतो. लांबी १० मायक्रॉन, रुंदी ३. एन-वनचा हा एकच भाग उघड्यावर आहे, बाकी सगळा व्हीडीडीच्या पाटीखाली झाकलेला.

ज्याने लेआउट काढला त्याने (तो मीच) हा पूल स्वतःच्या डेटा लाइनपासून होईल तितका लांब, म्हणजे उजव्या कडेला नेला होता. मधे भरपूर अंतर आणि व्हीडीडीची लाइन. एक्स्ट्रॅक्शनला ०.०३ येणारच. पण उजव्या कडेला पिक्सेलची चौकट संपते आणि पुढच्या पिक्सेलची डावी कड सुरू होते, आणि डाव्या कडेला काय आहे? डेटा लाइन. पुलापासून ३ मायक्रॉनवर, आणि मधे काहीही नाही.

एक्स्ट्रॅक्शन एकाच पिक्सेलवर चालवलं होतं. त्याला शेजारी माहीतच नव्हता. पिक्सेल लाखोंनी छापले जातात म्हणून आपण एकच काढतो, आणि एकच काढतो म्हणून तो एकटा आहे असं धरून चालतो. तीन बाय तीन पिक्सेलचा तुकडा घेऊन एक्स्ट्रॅक्शन पुन्हा चालवलं. मधल्या पिक्सेलचा एन-वन आणि उजवीकडची डेटा लाइन: ०.२५ फेम्टोफॅरड. चालायला एक रात्र लागली. तीन आठवड्यांपूर्वीही एक रात्रच लागली असती.

जुन्या लँडलाइनवर बोलताना मधेच कुणाचं तरी बोलणं पुसट, लांबून आल्यासारखं ऐकू यायचं. त्यातला काही भाग एक्स्चेंजच्या घोटाळ्याचा, पण काही भाग निव्वळ तारांच्या शेजाराचा. ग्राहम बेलने १८८१ मध्येच त्यावर दोन तारांना पीळ घालण्याचं पेटंट घेतलं होतं. पीळ घातला की शेजाऱ्याचा उपद्रव जोडीतल्या दोन्ही तारांना सारखा होतो आणि वजाबाकीत निघून जातो. एलसीडीवाल्यांनाही असली वजाबाकी मिळते. तिथे डॉट इन्व्हर्जनमध्ये पिक्सेलच्या डाव्या आणि उजव्या डेटा लाइनची पोलॅरिटी उलट असते, एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. ओएलईडीत पोलॅरिटीच नाही. सगळ्या डेटा लाइन एकाच बाजूला डोलतात, त्यामुळे वजाबाकीची आशा सोडून भिंतच बांधावी लागते.

लांब नेऊन भागत नाही

पहिली सूचना साहजिक होती: पूल दीड मायक्रॉन डावीकडे सरकवा. ती का पुरेशी नाही हे एका छोट्या हिशेबात कळतं. दोन पट्ट्यांच्या फक्त समोरासमोरच्या भिंती धरल्या, तर ०.६ मायक्रॉन उंच, १० लांब, ३ मायक्रॉन अंतर, मधे साधारण ४ परमिटिव्हिटीचा पदार्थ. कपॅसिटन्स येतो ०.०७ फेम्टोफॅरड. मग बाकीचा ०.१८ कुठून आला? पट्ट्या उंचीला चिमुकल्या आणि रुंदीला ऐसपैस असल्याने बहुतेक क्षेत्ररेषा समोरच्या भिंतीतून जातच नाहीत. त्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून निघून कमानीसारख्या वळून पलीकडे उतरतात. या कमानींना अंतराचं फारसं वावडं नसतं. अंतर दीडपट केलं म्हणून त्या दीडपट कमी होत नाहीत, रेंगाळत रेंगाळत कमी होतात. शिवाय पूल सरकवायचा तर सोर्स-ड्रेन आणि कॉन्टॅक्ट होल असे किमान दोन मास्क (थर छापायचे साचे) बदलायचे.

दुसरी सूचना: एकाआड एक स्तंभ आरशातल्यासारखा उलटा करा, म्हणजे पुलासमोर पूल आणि डेटासमोर डेटा येईल. कल्पना देखणी आहे. पण सगळे मास्क नवे लागतात. वर, दोन डेटा लाइन एकमेकींना चिकटल्या की त्यांचंच आपसात क्रॉसटॉक (एकीचा सिग्नल दुसरीत शिरणं) सुरू होतं. विशेषतः डीमक्समुळे (एकच आउटपुट आळीपाळीने अनेक लाइनना जोडणाऱ्या स्विचमुळे) एक लाइन भरून सोडून दिलेली, तरंगती असते आणि दुसरी त्याच वेळी भरली जात असते तेव्हा. नको.

तिसरी सूचना एका मीटिंगमध्ये आली आणि तिथेच संपली: मधल्या फटीत कुठेही न जोडलेलं धातूचं बेट ठेवा. न जोडलेला धातू अडवत नाही, उलट पोचवतो. एका बाजूने जे आलं ते दुसऱ्या बाजूने बाहेर. त्याने फट कमी झाल्यासारखीच होते.

राहिली पडदी, म्हणजे स्थिर व्होल्टेजला बांधलेला धातू. ३ मायक्रॉनच्या फटीत त्याच थरावर तिसरी लाइन घुसवायला जागा नव्हती, फॅबच्या नियमात बसत नव्हतं. पण खालच्या थरावर, गेट-टू धातूत, जागा होती. तिथे पुलाखाली आणि फटीखाली धातूची एक जीभ सरकवायची. ती सोर्स-ड्रेन धातूपासून फक्त अर्धा मायक्रॉन खाली येते. पट्ट्यांमधलं अंतर ३ मायक्रॉन आणि जमीन अर्ध्या मायक्रॉनवर, अशा वेळी क्षेत्ररेषा लांबच्या शेजाऱ्याकडे जाण्यापेक्षा पायाखालच्या जमिनीत उतरणं पसंत करतात. वरच्या बाजूने जाणाऱ्या कमानीही त्यामुळे खाली ओढल्या जातात. आणि बदलायचा मास्क एकच.

जीभ कुणाची?

इथे आम्ही चुकलो. पहिल्या चुकीपेक्षा या चुकीतून मी जास्त शिकलो असं मला वाटतं.

जीभ दोन ठिकाणांहून काढता येत होती. एक, साठवण कपॅसिटरच्या वरच्या पाटीतून, म्हणजे व्हीडीडीतून. पण मग तिला स्कॅन लाइन ओलांडावी लागते. गेट-वन आणि गेट-टू यांच्यामधला थर मुद्दाम पातळ असतो, ०.१३ मायक्रॉनचा, कारण त्याच थरावर साठवण कपॅसिटर बनतो. तिथे ३ बाय ३ मायक्रॉनचं ओलांडणंही ४.३ फेम्टोफॅरडला पडतं, आणि ते एका ओळीत २१६० वेळा. ९ पिकोफॅरडच्या (९००० फेम्टोफॅरडच्या) वर. "स्कॅन लाइनवर एवढा बोजा?" असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन, स्कॅन लाइनच्या पलीकडून आडवी जाणारी इनिशियलायझेशनची (जुनं व्होल्टेज पुसायची) लाइन, व्हीइनिट. तीही गेट-टू धातूचीच, तीही स्थिर व्होल्टेजची. तिच्यातून जीभ काढली तर काहीच ओलांडावं लागत नाही. आम्ही ती निवडली.

नमुने आले. उभा पट्टा गेला होता. टाळ्या वाजायच्या आत आमच्या लातूरकरीणने चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथून डावी-उजवीकडे केसाएवढी एक आडवी रेघ निघाली होती, पडद्याच्या कडेपर्यंत.

व्हीइनिट कागदावर स्थिर आहे. प्रत्यक्षात ती ३ मायक्रॉन रुंदीची, पडद्याएवढी लांब, मॉलिब्डेनमची तार आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेझिस्टन्स १० किलोओहमच्या घरात. तिच्यावरून सगळ्या डेटा लाइन जातात. चौकोनाची वरची कड येते तेव्हा शेकडो डेटा लाइन एकाच क्षणी २.५ व्होल्ट खाली उडी मारतात आणि बिचारीला सोबत खेचतात. ती सावरते, पण सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्या ओळीचं दार बंद होतं. पूर्वी याने कुणाचं बिघडत नव्हतं. आता मात्र जिभेतून प्रत्येक एन-वनला ती २.७ फेम्टोफॅरडने चिकटली होती. दार बंद होताना व्हीइनिट ५० मिलिव्होल्टने खाली असेल, तर ती सावरताना एन-वनला २ मिलिव्होल्ट वर उचलते. गडद राखाडीत दीड टक्का. तोही संपूर्ण ओळीला एकसारखा, म्हणून रेघ.

पडदी बांधली, पण डुगडुगणाऱ्या खांबाला.

मग व्हीडीडीच्या जिभेचा हिशेब कुणीतरी खरोखर केला. ओलांडण्याच्या जागी जीभ कमरेशी बारीक, २ मायक्रॉनची केली तर बोजा २.९ फेम्टोफॅरड, ओळीला ६.२ पिकोफॅरड. स्कॅन लाइन दोन्ही बाजूंनी चालवली जाते, म्हणजे प्रत्येक निम्म्याला ५ किलोओहम आणि ३.१ पिकोफॅरड. वाढलेला विलंब ८ नॅनोसेकंद. ओळीचा वेळ ६.९ मायक्रोसेकंद. ज्या आकड्याला घाबरून आम्ही एक अख्खी फेरी वाया घालवली तो आकडा ओळीच्या वेळेच्या आठशेव्या हिश्श्याइतका होता. मीटिंगमध्ये पिकोफॅरड ऐकून माना डोलावल्या होत्या, नॅनोसेकंद कुणी विचारले नव्हते.

व्हीडीडीचे आणखी दोन फायदे. ती उभी-आडवी जाळी आहे, जाड आहे, शेकडो डेटा लाइननी एकदम ओढलं तरी फारशी हलत नाही. आणि हलली तरी चालकाचा सोर्स (प्रवाह आत येणारं टोक) तिलाच जोडलेला. प्रवाह ठरतो तो गेट आणि सोर्समधल्या फरकावर. जीभ व्हीडीडीची असेल तर ती साठवण कपॅसिटरला समांतर येते, त्याच्यात भर घालते, आणि व्हीडीडी हललं तर एन-वनला सोबत घेऊन हलते. व्हीइनिटची जीभ एन-वनला उलट मागे धरून ठेवत होती.

नवी जीभ पुलाखाली आणि फटीखाली जाते, पण डेटा लाइनच्या खाली जाणार नाही अशी मुद्दाम अलीकडे थांबवली. तिथे गेली असती तर डेटा लाइनवर पिक्सेलमागे २.२ फेम्टोफॅरडचा फुकटचा बोजा पडला असता. थांबवूनही शेजाऱ्याशी कपॅसिटन्स ०.२५ वरून ०.०५ वर आला. एन-वनची हालचाल २ मिलिव्होल्ट, निम्म्या उंचीच्या चौकोनाला पट्टा ०.८ टक्के. अंधारात, माहीत असलेल्या माणसाने, माहीत असलेल्या जागी डोळे ताणून बघितलं तर कधी दिसतो, कधी नाही. आडवी रेघ गेली.

जाता जाता त्याच जिभेला एक बारीक फाटा काढून टी-थ्रीच्या पोटावर पांघरला. टी-थ्रीला गळती कमी व्हावी म्हणून दोन गेट असतात आणि त्या दोन गेटांमधला सिलिकॉनचा तुकडा दार बंद झाल्यावर तरंगता राहतो. स्कॅन लाइन वर जाताना त्याला वर ढकलते आणि मग तो फ्रेमभर थोडा थोडा एन-वनमध्ये झिरपत राहतो, पिक्सेल हळूहळू मंद होतो. स्थिर धातू वर असला की तो तितका उडत नाही. ६० हर्ट्झला याचा त्रास कमी. २०१९ च्या ॲपल वॉच सिरीज ५ सारखा पडदा गरज नसेल तेव्हा सेकंदाला एकदाच ताजा होतो, तिथे नोडला सेकंदभर दार लावून बसावं लागतं. अशा पडद्यांत गळती थोपवायला ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर आले. त्यांनी गळतीचा प्रश्न सोडवला, पण शेजारी तिथेही असतोच.

पुढे फाइली आवरताना डेम्युराच्या (पडद्यावरचा असमान उजेड दुरुस्त करण्याच्या) कॅमेऱ्याचा जुना डेटा सापडला. हा कॅमेरा पडद्यावरच्या एकेका ठिपक्याचा उजेड मोजतो. पडद्याच्या पूर्ण रुंदीचा पांढरा पट्टा दाखवून, वरच्या राखाडी भागाचं मोजमाप घेतलं होतं. सगळे स्तंभ चारेक टक्के वर, आणि अगदी उजवीकडचा, शेवटचा हिरवा स्तंभ जागच्या जागी. त्याच्या उजवीकडे कुणी नव्हतं, फक्त एक डमी लाइन, स्थिर व्होल्टेजला बांधलेली. त्या स्तंभापुढे कुणीतरी शेरा मारला होता: कडेचा परिणाम, दुर्लक्ष करावे. फाइल पहिल्या आठवड्यातली होती आणि अक्षर माझं होतं.